पुणें म्युनिसिपालिटीच्या सभेंतील एक विरुद्ध मत

पेशवाईच्या कागदांवर काम करणाऱ्या मंडळींची दृष्टि सनदा, महजर, निवाडपत्रें आणि जमाखर्च यांवर खिळलेली असते, व तें साहजिकही आहे. परंतु १८१८ नंतरचे कागद पुढें आले, आणि त्यांतही शहराच्या कारभाराचे कागद पुढें आले, म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांचा उत्साह मावळतो. नळ, गटारें, दिवाबत्ती, जकातनाके यांच्या ठरावांत इतिहास तो काय असावयाचा, असें विचारलें जातें. तेच आपण कोतवालीच्या दफ्तरांतील बाजारभावाचें एखादें मोडी टिपण हातीं लागलें तर तें रेशमी रुमालांत बांधून ठेवतों. दोहोंचा विषय एकच आहे. मधें शंभर वर्षांचें अंतर पडलें, एवढेंच.

पुण्याच्या कोतवालीचें नांव निघालें कीं घाशीरामाची व त्याच्या १७९१ मधील शेवटाची गोष्ट सर्वांस आठवते. त्या एका भयंकर प्रसंगानें त्या खात्याचें रोजचें काम झांकून टाकलें आहे. पेठांतील तंटे, वजनेंमापें, धान्याचे भाव, रात्रीची गस्त, परगांवाहून आलेल्यांची चौकशी, हें सारें चावडीवर चाले. पाण्याची सोय नानासाहेब पेशव्यांनीं १७५० च्या सुमारास कात्रजाहून नळ आणून केली, ती पुढें इंग्रजी अमदानींतही कित्येक हौदांस पाणी पुरवीत राहिली. म्हणजे म्युनिसिपालिटीपुढें जो कारभार आला तो नवा नव्हता. तो करण्याची रीत तेवढी नवी होती. कोतवाल एकटा हुकूम देई. म्युनिसिपालिटींत एकानें सूचना मांडावी, दुसऱ्यानें अनुमोदन द्यावें आणि मग मतें घ्यावीं, असा क्रम आला. या फरकामुळें साधनांत एक अगदीं निराळी गोष्ट उत्पन्न झाली, ती म्हणजे नोंदलेला विरोध.

हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. आपल्याकडे अनेकांनीं मिळून केलेल्या निर्णयाचा कागद म्हणजे महजर. त्यावर देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे, महाजन, बलुतेदार यांच्या निशाण्या असतात; नांगर, तराजू, कट्यार अशीं चिन्हें पाहून मन हरखून जातें. पण त्या सर्व निशाण्या एकाच निर्णयाखालीं असतात. सभेंत बसलेल्यांपैकीं कोणास तो निर्णय मान्य नव्हता, हें महजरावरून बहुधा कळत नाहीं. ज्यास मान्य नसेल त्याची निशाणीच नसते. इतिवृत्ताच्या वहींत मात्र ठराव कोणत्या मतांनीं पसार झाला हें असतें, आणि एखादा सभासद एकटाच विरुद्ध गेला असेल तर त्याचें नांवही येऊं शकतें. अशाच एका विरुद्ध मताविषयीं येथें लिहावयाचें आहे.

पुण्याची म्युनिसिपालिटी १८५० च्या २६ व्या कायद्याखालीं १८५७ सालीं अस्तित्वांत आली. १८७३ च्या कायद्यानें तिला अधिक व्यवस्थित स्वरूप आलें. परंतु सभासद होते ते सरकारनें नेमलेले, आणि सूत्रें सरकारी अंमलदारांच्या हातीं. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयींचा ठराव १८ मे १८८२ चा. त्यानंतर मुंबई इलाख्यांत १८८४ चा कायदा झाला आणि मग पुण्यांत लोकांनीं सभासद निवडण्याची सुरवात झाली. तेव्हां १८८० सालची सभा म्हणजे नेमलेल्या मंडळींची सभा, हें ध्यानांत ठेवावें. सभेची नोटीस अगोदर फिरे. सभा भरली कीं मागील इतिवृत्त वाचून कायम करावयाचें, कमिटीचे अहवाल व आलेला पत्रव्यवहार पुढें ठेवावयाचा, हिशेब मंजूर करावयाचे आणि मग नव्या सूचना. उत्पन्नाची मुख्य बाब जकात. तिच्या जोडीस घरपट्टी, चाकपट्टी, हलालखोर पट्टी. खर्च आरोग्य, पाणी, रस्ते, दिवे यांवर. अशा सभेंत अध्यक्षांच्या सूचनेस ‘नाहीं’ म्हणणारा विरळा.

जोतीराव फुले हे १८७६ पासून १८८२ पर्यंत या म्युनिसिपालिटीचे सभासद होते. त्यांच्या चरित्रांतून एक हकीकत वारंवार छापली गेली आहे, ती अशी. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठीं १००० रुपये खर्च करण्याची सूचना अध्यक्षांनीं सभेपुढें ठेवली. जोतीरावांनीं तीस हरकत घेतली. करदात्यांचा पैसा असा उधळण्यापेक्षां पुण्यांतील गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें. मतें घेतलीं तेव्हां ३२ सभासदांत ते एकटेच विरुद्ध पडले. ठराव अर्थातच पसार झाला.

हकीकत अशी आहे कीं ती वाचून कोणासही आदर वाटावा, व म्हणूनच ती कोणी तपासून पाहिलेली नसावी. तिच्यासोबत पुष्कळ ठिकाणीं ३० नोव्हेंबर १८८० ही तारीख दिलेली असते. आतां लॉर्ड लिटन यांनीं विलायतेंतील मंत्रिमंडळ बदलतांच १८८० च्या वसंतऋतूंत राजीनामा दिला आणि ८ जून १८८० रोजीं लॉर्ड रिपन यांनीं व्हाइसरॉयच्या अधिकाराचीं सूत्रें हातीं घेतलीं. नोव्हेंबरांत लिटन हिंदुस्थान सोडून गेलेले होते. तेव्हां ‘लिटन’ हें नांव आणि ‘३० नोव्हेंबर १८८०’ ही तारीख या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असूं शकत नाहींत. एक टाकलीच पाहिजे.

कोणी म्हणेल, तारखेच्या या किरकोळ घोळानें काय बिघडतें? मत दिलें हें खरें ना? पण बिघडतें तें असें. या विरोधाची जी कारणमीमांसा केली जाते तींत देशी वृत्तपत्रांच्या कायद्याचा उल्लेख हटकून येतो. तो कायदा १४ मार्च १८७८ चा आणि लिटनचा. ‘दीनबंधु’ पत्रानें त्याचा निषेध केला होता, व तें पत्र सत्यशोधक समाजाच्या मंडळींचें. म्हणून त्या कायद्याच्या कर्त्याचा सत्कार जोतीरावांस खपला नाहीं, अशी ही जोडणी आहे. ती नांवावर उभी आहे. नांव खरें व तारीख चुकलेली असेल, तर सभा जून १८८० च्या पूर्वींची ठरते आणि वृत्तपत्रांच्या कायद्याचें कारण टिकतें. उलट, तारीख खरी व नांव चुकलेलें असेल, तर येणारे पाहुणे रिपन ठरतात. आणि रिपन यांनीं तर तोच कायदा पुढें १८८२ सालीं रद्द केला. मग पाहुण्यावरचा राग हें कारण उरतच नाहीं. उरतो तो केवळ पैशाचा प्रश्न: जकातीच्या नाक्यावर गरिबाच्या गाठोड्यांतून आलेला पैसा कमानी व पताकांवर खर्चावा काय? प्रस्तुत लेखकाच्या मतें हें दुसरें कारण अधिक खोल आहे. लिटनला विरोध पुष्कळांनीं केला. पाहुणा कोणीही असो, खर्चाचा क्रमच चुकतो आहे, असें म्हणणारा माणूस निराळा.

हे मत केवळ तर्कावर बसविलेलें नाहीं. त्याच वर्षीं, १८ जुलै १८८० रोजीं, जोतीरावांनीं म्युनिसिपालिटीच्या कमिटीचे काम पाहणारे प्लंकेट यांस दारूच्या दुकानांविषयीं पत्र लिहिलें. रहिवाशांचें आरोग्य राखण्यासाठीं म्युनिसिपालिटी एका हातानें खर्च करते आणि शहरांत निघणारीं दारूचीं दुकानें तें आरोग्य व नीति दोन्ही बुडवितात, असा त्यांतील युक्तिवाद आहे. येथें लिटन नाहीं कीं रिपन नाहीं. आहे ती लोकांच्या पैशाची व लोकांच्या हिताची सांगड.

दुसरें उदाहरण मंडईचें. त्या वेळीं भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानांत भरे. तो हलवून त्यासाठीं मोठी इमारत बांधावी, ही योजना म्युनिसिपालिटीपुढें आली, तेव्हां तिच्यावर एवढी रक्कम घालण्यास जोतीरावांनीं विरोध केला. आधीं शिक्षण, असेंच त्यांचें तेथेंही सांगणें. हा विरोध बांधकामाचें अज्ञान असलेल्या माणसाचा नव्हता. जोतीराव स्वतः इमारती व सार्वजनिक कामांचीं कंत्राटें घेणारे. चिऱ्याचा व चुन्याचा भाव त्यांस सभेंतील बहुतेकांहून चांगला ठाऊक असला पाहिजे. त्यांचें म्हणणें चुकलें असेंही कोणी म्हणूं शकेल. उन्हापावसांत बसणाऱ्या माळणीस छप्पर मिळालें, हें कांहीं लहान हित नव्हे, आणि शुक्रवार पेठेंतील ती काळ्या दगडाची अष्टकोनी इमारत, मधला उंच मनोरा व भोंवतालचे पाखे यांसह, आजही शहराची शोभा आहे. पण कोणता खर्च आधीं, हा त्यांचा प्रश्न इमारत चांगली झाल्यानें सुटत नाहीं.

मंडई १८८६ सालीं पुरी होऊन तीस तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव मिळालें. तिच्यासमोर लोकमान्य टिळकांचा पुतळा बसविला गेला. त्याचें अनावरण पंडित मोतीलाल नेहरूंनीं २२ जुलै १९२४ रोजीं केलें, त्या वेळीं म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष न. चिं. केळकर होते. लागलीच पुढच्या वर्षीं, १९२५ सालीं, केशवराव जेधे यांनीं जोतीरावांच्या पुतळ्याची सूचना म्युनिसिपालिटींत आणली आणि तीवरून शहरांत केवढें वादळ उठलें, तें त्या सालच्या पत्रकांवरून व दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावर झालेल्या खटल्यावरून दिसतें. पुतळा झाला नाहीं. पण पुढें १९४० च्या आगेमागें आचार्य अत्रे म्युनिसिपालिटींत असतां रे मार्केटचें नांव बदलून ‘महात्मा फुले मंडई’ असें करण्यांत आलें. ज्या इमारतीच्या खर्चास त्यांनीं विरोध केला तिलाच त्यांचें नांव लागलें! नांव देणाऱ्यांस ही गोष्ट ठाऊक होती कीं नव्हती, याची चौकशी मनोरंजक होईल. परंतु पुणेंकरांस आतां त्याखेरीज दुसरें नांव तोंडीं येत नाहीं.

शिक्षण आधीं कीं इतर खर्च आधीं, हा वाद जोतीरावांबरोबर संपला नाहीं, हेंही जातां जातां नमूद करावें. १९१८ च्या कायद्यानें म्युनिसिपालिट्यांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मुभा मिळाली. तेव्हां पुण्यांत, पैसा अपुरा म्हणून सक्ती तूर्त मुलांपुरती ठेवावी, असा एक पक्ष उभा राहिला. मुलींस वगळूं नये म्हणून रमाबाई रानडे प्रभृति स्त्रिया पुढें सरसावल्या. १९२० च्या सुमाराचा हा वाद वाचतांना १८८० चे ते हजार रुपये सारखे आठवतात.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. तारीख चुकली कीं नांव, याचा निकाल चरित्रें एकमेकांशीं ताडून लागणार नाहीं. त्यांतील बरींच एकमेकांवरून उतरलेलीं आहेत, आणि दहा ठिकाणीं छापलेली चूक ही दहा पुरावे होत नाहीं. निकाल लागेल तो समकालीन कागदानें. पहिला कागद अर्थात् १८८० सालची इतिवृत्ताची वही. तिचा प्रवास सोपा नाहीं, कारण म्युनिसिपालिटीचें बिऱ्हाड बदलत आलें. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यांत ती बरींच वर्षें होती. १५ फेब्रुवारी १९५० रोजीं ती महानगरपालिका झाल्यावरही कांहीं काळ कचेरी तेथेंच राहिली आणि मग शिवाजीनगरास नव्या इमारतींत गेली.

परंतु मूळ वहीखेरीजही साधनें आहेत, व तीं खासगी संग्रहांतच असण्याचा संभव अधिक. सभेची छापील नोटीस व विषयांची यादी प्रत्येक सभासदाच्या घरीं जाई; ३२ सभासद धरले तर एका सभेच्या ३२ प्रती शहरांत पसरल्या. सभासदांच्या वंशजांकडील जुन्या पेट्यांत हिशेबाच्या कागदांखालीं अशा नोटिसा दडलेल्या असतात आणि रद्दीबरोबर जातात. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानें नदीकांठच्या पेठांतील कित्येक घरांची दफ्तरें नेलीं, तेव्हां जें उरलें त्याची किंमत अधिकच.

वर्तमानपत्रांविषयीं एक सूचना. या कामीं ‘केसरी’ पाहण्यांत श्रम घालवूं नयेत. तो १८८१ च्या जानेवारींत निघाला, म्हणजे कोणतीही तारीख धरली तरी सभा त्यापूर्वींची. ‘दीनबंधु’ कृष्णराव भालेकरांनीं पुण्यास १८७७ सालीं काढला व १८८० मध्यें तो मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेला. ही उलथापालथ नेमकी आपल्याला हव्या त्या वर्षांतील आहे, हें ध्यानीं घेऊन पुण्याचे व मुंबईचे दोन्ही अंक शोधावे. सर्वांत भरंवशाचा ‘ज्ञानप्रकाश’. तो १८४९ पासून पुण्यांतच निघत होता आणि शहरच्या सभांचीं वृत्तें त्यांत येत. ज्यांच्या संग्रहीं १८८० च्या ‘ज्ञानप्रकाशा’चे सुटे अंक असतील त्यांनीं प्रथम जानेवारी ते जूनपर्यंतचे व मग नोव्हेंबरच्या अखेरचे आणि डिसेंबरच्या आरंभाचे अंक पाहावे, आणि म्युनिसिपालिटीच्या सभेचें वृत्त आढळल्यास त्याची अक्षरशः नक्कल, अंकाच्या तारखेसह, मंडळाकडे पाठवावी.