कृपादाने कशासाठी असतात? करिंथच्या मंडळीतला जुना वाद आजही का महत्त्वाचा आहे?

ख्रिस्ती मंडळीत ‘कृपादान’ हा शब्द नेहमी ऐकू येतो. कोणाला शिकवण्याचे दान आहे, कोणाला आजाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याचे, असे म्हटले जाते. पवित्र आत्म्याने कृपेने दिलेली क्षमता, असा त्याचा अर्थ. मूळ ग्रीक शब्द ‘खारिस्मा’; त्यातल्या ‘खारिस’चा अर्थ कृपा. म्हणजे हे दान कमावलेले नसते, मिळालेले असते. तरीही त्यावरून मोठेपणाची चढाओढ लागते. पहिल्या शतकात करिंथमध्ये नेमके हेच घडले.

करिंथमध्ये काय झाले?

ग्रीसमधले करिंथ इ.स.पू. 146 मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केले. इ.स.पू. 44 मध्ये ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसले. दोन बंदरांमुळे तिथे व्यापार वाढला. प्रेषित पौल तिथे सुमारे दीड वर्ष राहिला. तंबू बनवण्याच्या धंद्यावर पोट भरत त्याने मंडळी उभी केली.

पौल निघून गेल्यावर मंडळीत गट पडले. प्रभुभोजनासाठी जमल्यावर काही जण आधीच खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. उपासनेत ‘अन्य भाषा’ बोलण्याला, म्हणजे ऐकणाऱ्यांना न कळणाऱ्या भाषेत प्रार्थना करण्याला, फार मान मिळू लागला. इ.स. 53 ते 55 च्या सुमारास पौलाने इफिसहून पत्र लिहिले. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे 12 ते 14 हे अध्याय याच प्रश्नावर आहेत.

पौलाने काय उत्तर दिले?

त्याने शरीराचा दाखला दिला. डोळा, हात, पाय वेगवेगळे असले तरी शरीर एकच असते. हा दाखला रोमन लोकांना परिचित होता. सामान्यांनी वरच्या वर्गाविरुद्ध बंड करू नये, हे पटवण्यासाठी तो सांगितला जाई. पौलाने त्याचा रोख बदलला. जे अवयव दुर्बळ वाटतात तेच अत्यावश्यक असतात आणि त्यांना अधिक मान द्यायला हवा, असे त्याने मांडले. त्याच्या यादीत चमत्कार आणि रोग बरे करणे आहे, तशीच इतरांना मदत करणे आणि व्यवस्था पाहणे हीसुद्धा दाने आहेत.

दानाची कसोटी कोणती?

मंडळीची उन्नती ही पौलाची कसोटी. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द घर बांधण्याच्या कामाचा आहे. मीच बोललो आणि इतरांना काही कळलेच नाही, तर भिंत वर चढत नाही. म्हणून त्याने अन्य भाषांवर बंदी घातली नाही, पण नियम घातले: दोघांनी किंवा फार तर तिघांनी, एकामागून एक बोलावे आणि कोणीतरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल, तर सभेत गप्प राहावे.

लग्नात वाचला जाणारा प्रीतीवरचा 13 वा अध्याय याच चर्चेच्या मधोमध येतो. प्रीती नसेल तर मोठ्यात मोठे दानही व्यर्थ, हा त्याचा मुद्दा.

महाराष्ट्रातले उदाहरण

पुणे जिल्ह्यातल्या केडगाव इथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठी आध्यात्मिक जागृती झाली. तिथल्या मुली-स्त्रियांनी अन्य भाषांत प्रार्थना केल्याच्या नोंदी आहेत. त्याच संस्थेत दुष्काळातून वाचवलेल्या मुलींचे शिक्षण, विणकाम आणि छपाईचे कामही चालत होते. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापले गेले. प्रार्थना करणारे आणि खिळे जुळवणारे हात एकाच मंडळीतले होते.

आज याचा उपयोग काय?

अन्य भाषांसारखी दाने आजही मिळतात की प्रेषितांच्या काळाबरोबर थांबली, यावर ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. पण पौलाची कसोटी दोन्ही बाजूंना लागू पडते. आपल्या मंडळीत व्यासपीठावर कोण दिसते, एवढेच पाहून भागत नाही. हिशेब कोण ठेवते, आजाऱ्याच्या घरी कोण जाते, नव्याने आलेल्याला कोण जवळ बसवते, हेही विचारावे लागते. त्यांची दाने कोणाच्या लक्षात येत नसतील, तर करिंथचा प्रश्न अजून सुटलेला नाही.