उतारूंकडून उंदरांकडे : मुंबई बंदरातील जहाजांची आरोग्य तपासणी

एकोणिसाव्या शतकातील बंदरांमध्ये जहाजाची आरोग्य तपासणी म्हणजे मुख्यतः माणसांची तपासणी असे. वैद्यकीय अधिकारी खलाशांना व उतारूंना तपासत आणि संशयितांना विलग्नवासात, म्हणजे ठरावीक काळ इतरांपासून दूर, ठेवत. या पद्धतीची मर्यादा मुंबईत उघड झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले. ही साथ हाँगकाँगहून सागरी मार्गाने आली असे सामान्यतः मानले जाते, आणि गोदीलगतच्या मांडवीत धान्याच्या वखारी असल्याने उंदरांना तेथे अन्न व आसरा दोन्ही मिळत होते.

१८९७ साली मुंबईहून हजयात्रेची जहाजे सोडणे थांबवण्यात आले आणि त्याच वर्षी व्हेनिसमध्ये प्लेगविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. मात्र १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसू रोग पसरवते हे मांडल्यानंतर, आणि पुढे मुंबईतील प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनी त्यास पुष्टी दिल्यानंतर, जहाज हेच तपासणीचा विषय ठरले. १९२६ च्या करारानुसार जहाजांना दर सहा महिन्यांनी मूषकनाशनाचे किंवा त्यातून सूट मिळाल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागू लागले.

या तपासणीचा खरा कस माल ठेवण्याच्या तळच्या कोठारात लागतो. निरीक्षक विजेरीच्या उजेडात नळांची आवरणे, तुळयांचे सांधे आणि पोत्यांच्या थप्प्यांमागील फटी पाहतो. उंदीर एकाच वाटेने वारंवार गेल्यास त्याच्या अंगाच्या तेलकटपणाने तेथे काळपट पट्टा उमटतो, ताजी लेंडी मऊ व चकचकीत असते, तर जुनी कोरडी होऊन चुरा होते, आणि या खुणांवरून उंदरांच्या संख्येचा अंदाज बांधला जातो. धक्क्याला बांधलेल्या दोरखंडांवर पत्र्याच्या गोल चकत्या, म्हणजे मूषकरोधक, अडकवतात. चकती धक्क्याच्या फार जवळ असली किंवा तिरकी लोंबत असली, तर उंदीर ती सहज ओलांडतो.

उंदीर मारण्यासाठी प्रथम गंधकाचा धूर वापरत, परंतु त्याने धातू व माल खराब होत असे. पुढे आलेला हायड्रोजन सायनाइड वायू अधिक परिणामकारक, पण माणसालाही तितकाच घातक असल्याने कोठारातील हवा निर्धोक झाल्याची खात्री करून घ्यावी लागे.

२००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी जुन्या प्रमाणपत्राच्या जागी जहाज स्वच्छता प्रमाणपत्र आणले. त्यात उंदरांबरोबर स्वयंपाकघर, पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि डास यांचाही समावेश झाला, परंतु मुदत सहा महिन्यांचीच राहिली. तपासणी मात्र एका दिवसाची स्थिती सांगते, आणि पुढच्याच बंदरात चकती नीट न बसवल्यास उंदीर त्याच रात्री चढू शकतो. कंटेनर बंद असतात, ते उघडून पाहणे क्वचितच शक्य होते. शिवाय धक्क्यावरील प्रत्येक जादा तासाचा खर्च मालकावर पडत असल्याने जहाज लवकर सोडण्याचा आग्रह असतो. म्हणून प्रमाणपत्राची विश्वासार्हता त्यावरील शिक्क्यापेक्षा निरीक्षकाला कोठारात मिळालेल्या वेळेवर अवलंबून आहे, आणि तो वेळ देणे ही बंदर प्रशासनाची जबाबदारी आहे.