अकरावीच्या अर्जात कॉलेजं कोणती टाकायची?

दहावी झालेल्या मुलामुलींनो, पसंतीक्रम भरण्याआधी हे नक्की वाचा 👇

✅ 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जात 10 पर्यंत कॉलेजं टाकता येतात. दहाही जागा वापरा.

✅ पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. एक नंबरला मनापासून हवं तेच कॉलेज टाका.

✅ मेरिट बेस्ट फाइव्हवर, 500 पैकी लागतं. गेल्या वर्षीचा कटऑफ आपल्या शाखेचा आणि प्रवर्गाचा बघा. तीन कॉलेजं थोडी वरची, चार आवाक्यातली, तीन हमखास मिळतील अशी.

✅ तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, ते तपासा. एकाच कॉलेजात फीमध्ये मोठा फरक पडतो.

✅ प्रवास एकदा करून पाहा. माझ्या भाचीला माटुंग्याचं कॉलेज हवं होतं, घर बदलापूरला. एकदा सकाळच्या गर्दीत लोकलनं जाऊन आली आणि म्हणाली, "मामा, रोज नाही जमणार." मग तिनं कल्याणचं कॉलेज वर घेतलं. आज तिथे खूश आहे.

दोन वर्षं रोज जावंसं वाटेल, असं कॉलेज निवडा. मनापासून शुभेच्छा! 🌱