युद्धकाळातील तिकिटांसाठी अल्बम निवडताना

जुन्या व्यापारी पेढ्यांच्या माळ्यावर चोपड्यांच्या गाठोड्यांबरोबर तारेत ओवलेली पत्रे अजूनही सापडतात. त्यांतील 1939 ते 1945 या वर्षांची पोस्टकार्डे आणि पाकिटे म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचे घरगुती दप्तरच होय. वाटणी होते, घर बदलते, दुकानाची डागडुजी निघते आणि ही पत्रे बाहेर येतात. मग घरातील एखादा उत्साही मुलगा त्यांवरची तिकिटे कापून पाण्यात भिजवतो, बाजारातून पट्ट्यांचा अल्बम आणतो आणि उरलेली पाकिटे रद्दीत जातात. संग्रह सुरू होतो; परंतु त्यातील बहुमोल भाग त्याच दिवशी नष्ट झालेला असतो. म्हणून अल्बम कोणता घ्यावा, हा प्रश्न कात्री हातात घेण्यापूर्वीच सोडविला पाहिजे.

पाकीट काय सांगते?

युद्धकाळात हिंदुस्थानची तिकिटे नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जात. 1937 च्या मालिकेत डाकहरकारा, बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटारलॉरी आणि विमान अशी टपालाची वाहने मोठ्या आकारात दिसतात. 1940 पासून निघालेल्या मालिकेत त्यांची जागा मुख्यतः सहाव्या जॉर्ज बादशहाच्या मुखवट्याच्या लहान तिकिटांनी घेतली. यांतील कमी किमतीची सुटी तिकिटे आजही विपुल मिळतात.

पाकिटाची गोष्ट निराळी. युद्धात पत्राचा दर एक आण्यावरून सव्वा आणा आणि पुढे दीड आणा झाला. त्यामुळे कोणते तिकीट कोणत्या तारखेच्या शिक्क्याखाली आहे, याला अर्थ असतो. सेन्सॉरने उघडलेल्या पाकिटाच्या कडेला चिकटविलेली पट्टी असते, तपासणीचा शिक्का असतो. सैन्याच्या टपालावर गावाचे नाव नसते, फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असतो. कागदाच्या टंचाईमुळे उलटून पुन्हा वापरलेला लिफाफाही त्या दिवसांची साक्ष देतो. ज्या घराण्यांचा रंगूनशी व्यापार होता, त्यांच्या पत्रव्यवहारात 1942 च्या आरंभी पडलेला खंडदेखील बोलका आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये रंगून जपानी सैन्याच्या हाती गेले. तिकीट कापून घेतले की ही सारी साक्ष पुसली जाते.

अपवाद आहेत. 1946 च्या जानेवारीत निघालेली विजयाची चार तिकिटे कोरी मिळाली, तर सुटी ठेवण्यास हरकत नाही. आझाद हिंदची तिकिटे जर्मनीत छापली गेली, परंतु टपालात कधीच वापरली गेली नाहीत. म्हणून ती सुटीच असणार. टपालातून आलेले पाकीट म्हणून ती कोणी विकत असेल, तर सावध व्हावे.

तीन प्रकार, एक निवड

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे अल्बम मिळतात. पहिला छापील अल्बम: प्रत्येक तिकिटासाठी ठरावीक चौकट असते. दुसरा पट्ट्यांचा, ज्याला स्टॉकबुक म्हणतात: तो निवडाचाळणीसाठी आणि दुबार तिकिटांसाठी सोयीचा. तिसरा कोऱ्या सुट्या पानांचा, कड्यांमध्ये अडकविण्याचा. युद्धकाळातील पाकिटांसाठी हा तिसराच प्रकार योग्य. पान पाकिटाहून ऐसपैस असावे, म्हणजे कडा दुमडत नाहीत. नवे पाकीट सापडले तर मधे पान घालता येते आणि तारखेचा क्रम बिघडत नाही.

छापील अल्बमविषयी आणखी एक विचार श्रावकाने करावा. त्यातील रिकाम्या चौकटी भरून काढण्याचा हव्यास लागतो आणि खर्च वाढतच जातो. कोऱ्या पानावर संग्रहाची मर्यादा आपण आखतो: केवळ आपल्या पेढीची पत्रे, केवळ सात वर्षे. परिग्रहपरिमाण व्रताचा भाव छंदातही असा पाळता येतो.

कागद, प्लॅस्टिक आणि सरस

पाने आम्लरहित कागदाची असावीत. आम्लयुक्त कागद स्वतः पिवळा पडतो आणि शेजारच्या पाकिटालाही डाग देतो. पारदर्शक आवरण पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावे. पीव्हीसीच्या मऊ, उग्र वासाच्या पिशव्यांतून कालांतराने तेलकट द्रव्य सुटते आणि शाई व रंग बिघडतात. छायाचित्रांचे चिकट पानांचे अल्बम तर मुळीच वापरू नयेत. त्यांवरून पाकीट पुन्हा सुखरूप सुटत नाही. पाकीट कोपऱ्यांच्या पारदर्शक खाचांत बसवावे, म्हणजे त्याला डिंक लागत नाही. कोऱ्या तिकिटांना कागदी बिजागरी लावू नये. मागचा मूळ डिंक खराब होऊन त्यांचे मोल घटते.

बांधणीकडेही लक्ष हवे. चामड्याचे आवरण जैन घरात येणार नाही, हे उघड आहे. परंतु जुन्या पद्धतीच्या बांधणीत वापरला जाणारा सरस हाही प्राणिजन्य असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. पिठाची खळ वापरली तर कसर लागण्याचे भय. कड्यांच्या कापडी फाइलमध्ये पानांच्या बांधणीला दोहोंचीही गरज पडत नाही. फाइलचे कापड कशाने चिकटविले आहे, एवढे दुकानदाराला विचारून घ्यावे.

पत्रांतील गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. तारेने पडलेले भोक बुजवू नये. ते पेढीच्या रीतीचे चिन्ह आहे. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये.

वर्षातून दोन दिवस

कीटक मारण्यापेक्षा ते येणारच नाहीत अशी व्यवस्था करणे, हाच अहिंसेचा आणि शहाणपणाचाही मार्ग. कपाट कोरडे असावे, भिंतीला टेकलेले नसावे. अल्बम उभे ठेवावेत. एकावर एक रचल्यास दाबाने आणि दमटपणाने तिकिटे पानाला चिकटतात. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवाव्यात आणि भर पावसात अल्बम उघडू नये.

तपासणीचे दिवस परंपरेनेच नेमून दिले आहेत. दिगंबर घरांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी आणि श्वेतांबर घरांत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी साजरी होते. त्या निमित्ताने ग्रंथ झाडून, पुसून पूजिले जातात. एक दिवस पावसाळ्याच्या तोंडावर येतो, दुसरा पावसाळा सरल्यावर. पाटण, जैसलमेर किंवा कारंजा येथील भांडारांनी हस्तलिखिते शतकानुशतके जपली, ती अशाच नियमित काळजीने. घरातील अल्बमही या दोन दिवशी उघडून पाहावा.

एक काम मात्र पुढच्या पंचमीपर्यंत थांबवू नये. या पत्रांतील मोडी आणि महाजनी अक्षरे वाचणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. जे आजोबा ती वाचू शकतात, त्यांच्यासमोर पत्र धरावे आणि त्यातील मजकूर, लिहिणाऱ्याचे नाते, मालाचा भाव, गावाचे नाव समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने देवनागरीत उतरवून घ्यावे. अल्बम नंतरही मिळेल. वाचणारा मिळेलच असे नाही.