‘नुसती वायरच तर आहे’ : रायझर केबलबद्दलचे गैरसमज

छोट्या कॅबिनेटमध्ये मोठं ग्राफिक्स कार्ड बसेना, की मित्रमंडळींत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “रायझर टाक, विषय संपला.” दुसरा म्हणतो, “त्याच्या नादाला लागू नकोस, निम्मा स्पीड जातो.” दोघंही छातीठोकपणे बोलतात. पहिल्याला रायझर म्हणजे नुसती वायर वाटते, दुसऱ्याला भानामती. खरं तर रायझर लावला की तो मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषांचाच पुढचा भाग होतो, आणि त्या रेषांना जे नियम लागू तेच त्यालाही लागू होतात. बहुतेक गैरसमज हे न समजल्यामुळे होतात.

वस्तू तशी साधी. एका टोकाला मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारी पट्टी, दुसऱ्या टोकाला तसाच स्लॉट आणि मध्ये वीतभर चपटी केबल. कार्ड बोर्डावर काटकोनात उभं न राहता शेजारी किंवा थेट पाठीमागे बसवता येतं. मिनी आयटीएक्स बोर्ड १७ बाय १७ सेंटिमीटरचा, त्यावर स्लॉट एकच. आजची दांडगी कार्डं मात्र ३० सेंटिमीटर लांब आणि तीन स्लॉट जाड. डॅन ए४-एसएफएक्ससारख्या ७.२ लिटरच्या कॅबिनेटमध्ये बोर्ड एका बाजूला आणि कार्ड त्याच्या पाठीला पाठ लावून बसतं. रायझर नसेल तर ही रचनाच उभी राहत नाही.

“हे गेमर पोरांचं नवं फॅड आहे.”

फॅड म्हणावं तर फारच जुनं. १९८७ मध्ये वेस्टर्न डिजिटलने एलपीएक्स नावाची बोर्डरचना आणली, तिच्यात बोर्डाच्या मधोमध एक रायझर कार्ड उभं असायचं आणि बाकीची कार्डं त्यात आडवी बसायची. सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत मॉनिटरखाली दिसणारे ते चपटे डबे आठवा. १९९७ मध्ये इंटेलची एनएलएक्स रचना आली, तीही रायझरवरच उभी होती. सर्व्हरच्या जगात तर रायझरशिवाय पान हलत नाही. रॅकमधला सर्वांत पातळ सर्व्हर साडेचार सेंटिमीटरहून कमी उंचीचा असतो आणि ‘लो प्रोफाइल’ म्हणवणारं कार्डसुद्धा जवळपास सात सेंटिमीटर उंच असू शकतं. ते आडवं पाडल्याशिवाय गत्यंतर नाही.

“एक्स्टेंशन बोर्डासारखंच आहे, कुठलाही घ्या.”

सगळ्यांत जास्त मनस्ताप हा समज देतो, म्हणून इथे जरा थांबू.

घरातल्या एक्स्टेंशनमधून ५० हर्ट्झची वीज जाते. रायझरमधून जाणारे संदेश पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे जेन ३ मध्ये, प्रत्येक लेनवर (माहितीच्या स्वतंत्र मार्गावर) सेकंदाला ८ अब्ज बिट, जेन ४ मध्ये १६ अब्ज आणि जेन ५ मध्ये ३२ अब्ज या गतीने धावतात. जेन ४ मध्ये एका बिटाच्या वाट्याला साडेबासष्ट पिकोसेकंद येतात. तेवढ्यात विद्युत संदेश तांब्यातून जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकतो. म्हणजे २० सेंटिमीटरच्या केबलमध्ये प्रत्येक जोडतारेवर एका वेळी सोळाएक बिट वाटेत असतात. अशा लेन सोळा, प्रत्येकीला पाठवायची एक आणि घ्यायची एक जोडी. एकूण ६४ तारा एकमेकींना खेटून. शेजारच्या तारेची कुजबुज आत शिरली किंवा सोल्डरच्या जागी जरा दोष राहिला, तर बिट ओळखू येत नाहीत. म्हणून चांगल्या रायझरमध्ये प्रत्येक जोडीला स्वतंत्र शिल्डिंग असतं आणि केबल चार-पाच वेगवेगळ्या पट्ट्यांची दिसते. एकाच सपाट रिबनचे जुने स्वस्त रायझर जेन १-२ च्या काळात चालून जायचे. तेव्हाही काही मंडळी त्यांना घरच्या घरी अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळत बसायची.

आता खरी मेख. बहुतेक रायझरमध्ये कसलीही चिप नसते. संगणक सुरू होताना प्रोसेसर आणि कार्ड आपसात ठरवतात की कोणत्या पिढीच्या गतीने बोलायचं. दोघंही जेन ४ असतील तर जेन ४ ठरतं. मधली केबल जेन ३ च्या मापाची आहे हे त्यांना सांगणारं कोणी नसतं. “पीसीआय एक्सप्रेस मागच्या पिढ्यांशी जुळतं” हे वाक्य बोर्ड आणि कार्ड यांच्यापुरतं खरं आहे, केबलपुरतं नाही. २०१९ मध्ये एएमडीचे एक्स५७० बोर्ड आले आणि जेन ४ घरोघरी पोचलं, तेव्हा जेन ३ रायझर असलेल्या कॅबिनेटांत हीच गडबड झाली. नवं कार्ड, पंखे फिरतायत, स्क्रीन मात्र काळा. २०२५ मध्ये आरटीएक्स ५० मालिकेची जेन ५ कार्डं आली आणि जेन ४ रायझरवाल्यांनी तोच अनुभव घेतला. दुकानदार कार्ड बदलून देतो, नवं कार्डही तसंच वागतं, मग बोर्डावर संशय. केबलकडे बघायचं सुचतं ते शेवटी.

इलाज सोपा आहे. बायोसमध्ये त्या स्लॉटची लिंक स्पीड ‘ऑटो’वरून केबलच्या पिढीवर आणून ठेवायची. स्क्रीनच काळा असेल तर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर मॉनिटर लावून हे करता येतं. ती सोय नसेल तर बोर्ड बाहेर काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावा, सेटिंग बदला आणि मग पुन्हा जोडणी करा. एक गोष्ट हमखास विसरली जाते. बायोस अपडेट केला किंवा बोर्डावरचा सेल संपला की सेटिंग परत ‘ऑटो’वर जातं. वर्षभर गुण्यागोविंदाने चाललेला संगणक एका सकाळी काळा पडतो तो यामुळे.

“रायझर लावला की एफपीएस निम्मे होतात.”

केबल तिच्या पिढीला साजेशी असेल तर फरक मोजणंही कठीण जातं. वीतभर केबलमुळे लागणारा जादा वेळ एका नॅनोसेकंदाच्या आसपास. गेममधली एक फ्रेम तयार व्हायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणजे लाखो नॅनोसेकंद.

मग काहींना गेम अडखळताना दिसतो तो का? पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक पाकिटासोबत तपासणीचा आकडा जातो. तो जुळला नाही तर पाकीट पुन्हा मागवलं जातं. केबल सुमार असली की ही फेरपाठवणी वाढते. चित्र खराब होत नाही, पण मध्येच झटका बसतो. याची नोंद विंडोजमध्ये होते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिमच्या यादीत डब्ल्यूएचईए-लॉगरच्या १७ क्रमांकाच्या नोंदी शोधा. रायझर लावल्यापासून त्यांची रांग लागली असेल तर चोर सापडला.

गती तपासताना मात्र एक फसगत टाळा. जीपीयू-झेड उघडल्यावर ‘बस इंटरफेस’पुढे कधीकधी ‘एक्स१६ ४.० @ एक्स१६ १.१’ असं दिसतं आणि माणूस हबकतो. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला स्वतःच गती उतरवतं. त्या ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालवा, कार्डावर ताण आला की खरा आकडा दिसेल. ताण असतानाही १.१ दिसत असेल किंवा सोळा लेनच्या कार्डापुढे एक्स८ दिसत असेल, तर मग काळजी करा.

जेन ४ चं कार्ड जेन ३ वर आणल्याने किती नुकसान? पूर्ण सोळा लेनची कार्डं बहुतेक खेळांत दोन-चार टक्क्यांपलीकडे मागे पडत नाहीत. पण कमी लेनच्या कार्डांचा मामला वेगळा आहे. आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त चार लेन आहेत, त्यामुळे जेन ३ वर ते चांगलंच अडखळतं. आठ लेनचं आरटीएक्स ४०६० त्या मानाने निभावून नेतं. गंमत अशी की स्वस्त कार्डालाच चांगला रायझर जास्त लागतो.

“कार्डाला वेगळी पॉवर केबल आहे, रायझरमधून करंट जात नाही.”

जातो. एक्स१६ स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज घेता येते, त्यातला मोठा भाग १२ व्होल्टवर, साडेपाच अँपिअरपर्यंत. वरून वेगळी केबल असली तरी बरीच कार्डं स्लॉटमधूनही वीज ओढतात. रायझरच्या बारीक तारांना आणि स्लॉटच्या टोकांना हा भार सोसावा लागतो.

यात निष्काळजीपणा झाला तर काय होतं ते एनझेडएक्सटीच्या एच१ कॅबिनेटने दाखवलं. २०२० मध्ये आलेलं हे उभं, देखणं कॅबिनेट. त्याचा रायझर ज्या धातूच्या स्क्रूंनी चौकटीला बसवला होता, ते रायझरच्या सर्किट बोर्डातल्या १२ व्होल्टच्या थराला टेकून शॉर्टसर्किट होऊ शकत होतं, आग लागू शकत होती. कंपनीने आधी ग्राहकांना नायलॉनचे स्क्रू पाठवले. ते पुरेसं नाही म्हणून टीका झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगामार्फत कॅबिनेट अधिकृतपणे परत बोलावण्यात आलं. मग रायझरच बदलून देण्यात आला. दोष केबलच्या गतीत नव्हता, होता तो स्क्रूच्या भोकाशी. आपल्याकडे कॅबिनेटमध्ये बसणारा नसला तरी ‘जुळवून’ घेतलेला रायझर ज्या पद्धतीने स्क्रू पिळून बसवला जातो, ते पाहता हे प्रकरण प्रत्येक असेंबल करणाऱ्याने वाचायला हवं.

“यूएसबीवाला रायझर स्वस्त आणि लांब आहे, तोच घेऊ.”

निळ्या यूएसबी केबलचे ते रायझर क्रिप्टो मायनिंगसाठी बनले. त्यांत यूएसबीचा संबंध फक्त केबलपुरता. आत पीसीआय एक्सप्रेसची एकच लेन जाते. त्या सॉकेटमध्ये पेनड्राइव्ह लावू नये, लावला तर काय होईल त्याची जबाबदारी लावणाऱ्याची. जेन ३ वर एक लेन सेकंदाला एक जीबीपेक्षाही किंचित कमी माहिती नेते, सोळा लेन पावणेसोळा जीबीच्या आसपास. मायनिंगला कार्डाकडे फारशी ये-जा लागत नाही म्हणून तिथे चाललं. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगला ते उपयोगाचे नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग संपल्यावर असे रायझर कवडीमोल झाले, म्हणून ते स्वस्त दिसतात.

आणखी एक धोका. यातल्या काहींना वीज साटा कनेक्टरने दिली जाते. त्या कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॉट, आणि कार्ड मागू शकतं त्याहून जास्त. वितळलेल्या कनेक्टरांचे फोटो उगाच फिरत नाहीत.

“उभं लावलं की कार्ड थंड राहतं.”

उलटंच होण्याची शक्यता जास्त. शोभेसाठी कार्ड उभं करून काचेला चिकटवलं की पंख्यांना हवा कुठून मिळणार? काच आणि पंखे यांच्यात निदान दोन बोटांची जागा सुटते का ते आधी मोजा. बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून बसणाऱ्या सँडविच रचनेत जाळीच्या दारातून कार्ड थेट बाहेरची हवा घेतं, तिथे मात्र तापमान चांगलं राहतं. श्रेय जाळीचं, रायझरचं नाही.

“एका स्लॉटमधून दोन कार्डं निघतील.”

दोन तोंडांचे रायझर मिळतात, पण स्लॉटच्या लेन आठ-आठ अशा विभागायची सोय बोर्डाच्या बायोसमध्ये असावी लागते. नसेल तर एकच कार्ड दिसेल. तसंच लेन वाढवणं रायझरच्या हातात नाही. एक्स४ स्लॉटला एक्स१६ रायझर लावला तरी लेन चारच.

“जागा नाही, म्हणजे रायझर हवाच.”

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतून निघालेले स्लिम डेस्कटॉप सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतात. ते घेणारे विद्यार्थी पहिला प्रश्न रायझरचा विचारतात. अशा डब्यांत बऱ्याचदा लो प्रोफाइल कार्ड थेट बसतं, आखूड ब्रॅकेट लावलं की झालं. ३० वॉटचं जीटी १०३० त्यातलंच. खरी अडचण जागेची नसून एसएमपीएसची असते: तो छोटा, कंपनीच्या स्वतःच्या मापाचा आणि ग्राफिक्स कार्डासाठी वेगळा कनेक्टर नसलेला. रायझरने मोठं कार्ड बाहेर काढून टेबलावर ठेवलंत, तरी त्याला वीज कुठून देणार?

तेव्हा रायझर घ्यायचाच असेल तर कॅबिनेट बनवणाऱ्याने सुचवलेलाच घ्या. पाकिटावर पिढी स्पष्ट छापलेली नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. गरजेपेक्षा लांब केबल घेऊन ती आत कोंबू नका, धारदार घडी घालू नका. कार्डाचं वजन केबलवर नव्हे, ब्रॅकेटवर येऊ द्या. आणि परत करायची मुदत संपण्याआधी तासभर जड गेम चालवून इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या १७ क्रमांकाच्या नोंदी बघा. दिसल्या तर रायझर परत करा, कार्ड नव्हे.