कायलीला आडनाव मिळाले तेव्हा

कायली मिनोगचा १९८८ सालचा पहिला अल्बम नुसता ‘कायली’ होता. १९९४ च्या पाचव्या अल्बमवर नाव आले ‘कायली मिनोग’. सहा वर्षांत वाढले ते एक आडनाव, आणि वेष्टनावर पोरसवदा हसऱ्या मुलीच्या जागी सूट घातलेली, चष्मा लावलेली बाई. प्रसिद्धी खात्याची करामत म्हणून हे सोडून देता येईल. पण या अल्बममध्ये ती कलावंत म्हणून खरोखर वाढली, असे माझे मत आहे. मात्र या वाढीचा पुरावा गीतकारांच्या यादीत सापडत नाही, तो तिच्या गळ्यात सापडतो.

पूर्वपीठिका झटपट उरकू. मेलबर्नची ही मुलगी ‘नेबर्स’ मालिकेतली मेकॅनिक शार्लीन म्हणून घरोघरी पोचली. १९८७ मध्ये ती लंडनला स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन या त्रिकुटाकडे गेली, तर ती येणार हेच ते विसरले होते. ती बाहेर ताटकळत असताना चाळीसेक मिनिटांत त्यांनी ‘आय शुड बी सो लकी’ रचले, आणि ते ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. चार अल्बमांनंतर करार संपला आणि १९९३ मध्ये ती डीकन्स्ट्रक्शन या नृत्यसंगीताच्या कंपनीत आली.

आता मूळ मुद्दा, म्हणजे १९९४ च्या अल्बममधले ‘कन्फाइड इन मी’. स्टीव्ह अँडरसन आणि डेव्ह सीमन या ‘ब्रदर्स इन रिदम’ जोडीने सजवलेले हे गाणे सहा मिनिटांना जेमतेम दहा सेकंद कमी आहे. त्रिकुटाच्या कारखान्यातले गाणे एवढ्या वेळात संपून दुसरे सुरू झाले असते! सुरुवातीला तंतुवाद्ये मध्यपूर्वेची आठवण करून देणारी वळणे घेतात आणि गायिकेला घाई नसते. कडव्यात ती खालच्या पट्टीत, श्वास ऐकू येईल इतक्या हळू, जवळजवळ बोलल्यासारखी गाते. ध्रुपदात आवाज वर चढतो, पण ओरडत नाही. जुन्या गाण्यांत प्रत्येक अक्षर सारख्याच उजेडात असे. इथे काही शब्द ती अर्धवट झाकून ठेवते, आणि विश्वासाने मन मोकळे कर असे सांगणारी ही बाई स्वतः विश्वासू आहे का, अशी शंका ऐकणाऱ्याला येते. सुरावटीवर एडवर्ड बार्टनच्या ‘इट्स अ फाइन डे’ची दाट छाया आहे. ते गाणे १९८३ मध्ये जेन नावाने निघाले तेव्हा त्यात एकही वाद्य नव्हते, फक्त निरागस एकटा आवाज. त्याच वळणाचे सूर कायलीच्या तोंडी आले की निरागसपणा उडून जातो आणि डाव उरतो. सूर उसने आणले तरी हा भाव कोणी उसना देत नाही.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो बिनतोड वाटतो. १९९१ च्या ‘लेट्स गेट टू इट’मध्ये सहा गाण्यांवर सहलेखिका म्हणून तिचे नाव होते, या ‘प्रौढ’ अल्बमात मात्र केवळ ‘ऑटोमॅटिक लव्ह’ या एका गाण्यावर. मग वाढ कसली? पण गाणाऱ्याने शब्द लिहिले नाहीत म्हणून त्याची निर्मिती उणी, हा हिशेब भावगीतांवर पोसलेल्या कानाला तरी पटू नये. त्या सहा गाण्यांत लेखणी तिची असली तरी साचा जुन्या कारखान्याचाच होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: साचा बदलला, पण तोही दुसऱ्यांनीच. हे अर्धे खरे आहे. निवड तिच्या एकटीची नव्हती. ‘सेंट एटिएन’ या बँडचे ‘नथिंग कॅन स्टॉप अस’ गाऊन झाल्यावरही अल्बममध्ये आले नाही, एकल तबकडीच्या मागच्या बाजूला गेले. शिवाय अल्बम एकसंधही नाही. ‘व्हेअर हॅज द लव्ह गॉन’मध्ये ठेका लांबत जातो आणि गायिका पाहुणीसारखी वाटते. पण ‘पुट युअरसेल्फ इन माय प्लेस’ या संथ गाण्यात लपायला ठेका नाही. तिथे दुखावलेपण ती रडवेपणाशिवाय सांभाळते, आणि ते काम निर्माता करून देऊ शकत नाही.

खपाचा आक्षेप राहिला: ब्रिटनमध्ये अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंतच गेला. पण वाढ पुढच्या कामावरून मोजावी. १९९५ मध्ये गायक निक केव्हबरोबरच्या ‘व्हेअर द वाइल्ड रोझेस ग्रो’मध्ये तोच दबका आवाज उपयोगी पडला. १९९७ च्या ‘इम्पॉसिबल प्रिन्सेस’मध्ये तर प्रत्येक गाण्याच्या लेखनात ती होती, आणि सोबतीला पुन्हा अँडरसन. राजकुमारी डायनाच्या मृत्यूनंतर ते शीर्षक ब्रिटनमध्ये औचित्याचे राहिले नाही, म्हणून तिथे तो अल्बम १९९८ मध्ये ‘कायली मिनोग’ याच नावाने आला. त्यामुळे तिथल्या दुकानांत एकाच नावाच्या दोन तबकड्या झाल्या. एकीत तिची लेखणी जेमतेम दिसते, दुसरीत पानोपानी. पण दुसरीतल्या ओळी ज्या गळ्यासाठी लिहिल्या, तो पहिलीत तयार झाला होता.