आधी आलं, मग दूध

मुलगा शिकायला पुण्याला गेला, त्याच्या तिसऱ्याच आठवड्यात संध्याकाळी त्याचा फोन आला. "आई, चहा फुटला!" बाहेर पाऊस, खोलीवर चार मित्र जमलेले आणि पातेल्यात पांढऱ्या गुठळ्या. दूध जुनं होतं का, विचारलं. नव्हतं, तासापूर्वीच पिशवी आणलेली. "आलं कधी घातलंस?" "सगळं एकदमच घातलं. दूध, पाणी, आलं, साखर, चहापूड."

मला हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र ते मावळलं. बारावीला केमिस्ट्रीत चांगले गुण मिळवलेला मुलगा. घरात रोज दुपारी चार वाजता त्याच्या हातात कप येत होता, पण त्याने पातेल्यात कधी डोकावून पाहिलं नव्हतं. आणि मीही त्याला कधी ओट्यापाशी उभं केलं नव्हतं.

पेडणे-डिचोलीतली अनेक मुलं आज शिक्षण-नोकरीसाठी बाहेर आहेत. आता मोपाचा विमानतळ तर पेडण्याच्या दारातच आहे, निरोपाची वेळही जवळ आली आहे. बॅगेत लोणचं, कोकमं, खाजें आपण आठवणीने भरतो. त्यांच्याबरोबर चहा करण्याची रीतही द्यावी, म्हणून हा लेख.

चहा का फुटतो?

ताज्या आल्यात 'झिंजिबेन' नावाचं विकर असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं. कच्चं आलं कोमट दुधात पडलं की दूध फाटू शकतं. तेच आलं आधी पाण्यात खळखळ उकळलं की विकर निकामी होतं, स्वाद मात्र पाण्यात उतरतो. म्हणून आधी आलं, मग दूध. आपल्या आज्यांना विकराचं नाव ठाऊक नव्हतं, पण हा क्रम त्यांनी कधी चुकवला नाही.

गुळाचंही तसंच. गुळातल्या आंबटपणामुळे उकळत्या चहात दूध फाटण्याची भीती असते. गुळाचा चहा हवा असेल तर गॅस बंद करून, चहा किंचित निवल्यावर गूळ घालावा. आपल्याकडचा माडाचा काळा गूळ घातला तर चहाला वेगळीच खमंग गोडी येते.

चहापूडही सुरुवातीला दुधात घालू नये. दुधातली प्रथिनं चहातल्या टॅनिनला धरून ठेवतात. त्यामुळे तुरटपणा कमी होतो हे खरं, पण पूड आधी पाण्यात उकळली तरच अर्क नीट उतरतो. आणि पाच-सात मिनिटं उकळत ठेवली तर चहा कडू होतो, मग साखर वाढवावी लागते. घरात मधुमेह असेल तर हे मुद्दाम लक्षात ठेवावं. कडू चहा सावरण्यासाठी साखर लागते, नीट केलेल्याला निम्मी पुरते.

चार कपांचा चहा

दोन कप पाणी, दोन कप दूध, इंचभर आलं, गवती चहाची तीन-चार पाती, चार वेलच्या, दोन लवंगा, चार मिरीदाणे, दालचिनीचा छोटा तुकडा, चार लहान चमचे चहापूड आणि चवीपुरती साखर.

पाण्यात ठेचलेलं आलं, मिरी, लवंग, दालचिनी घालून तीन-चार मिनिटं उकळावं. शेजारच्या शेगडीवर दूध वेगळं तापवावं. पाण्याचा रंग किंचित बदलला की साखर आणि चहापूड घालून दीड-दोन मिनिटं उकळी द्यावी. मग गरम दूध ओतून दोनदा वर येऊ द्यावं. शेवटी गवती चहा हाताने मोडून आणि वेलची ठेचून घालावी, गॅस बंद करून मिनिटभर झाकण ठेवावं. या दोन्हींचा सुगंध उडून जाणारा आहे. आधीपासून उकळत ठेवला तर स्वयंपाकघर घमघमतं आणि कप रिकामाच राहतो.

खोलीवर एवढं सगळं नसतं. त्यासाठी घरून मसाला करून द्यावा. वीस ग्रॅम वेलची, दहा ग्रॅम सुंठ, पाच-पाच ग्रॅम मिरी आणि दालचिनी, तीन ग्रॅम लवंग आणि थोडं किसलेलं जायफळ. सगळं तव्यावर नुसतं कोमट करून दळावं. चार कपांना पाव चमचा पुरे. आपल्या पावसाळ्यात दमट हवेने मसाला लगेच गोळा होतो, म्हणून बरणी काचेची, चमचा कोरडा. आणि मसाल्याचा डबा चहापुडीशेजारी ठेवू नये, चहापूड भोवतालचा वास ओढून घेते.

यातली मिरी आणि जायफळ डिचोली-सत्तरीच्या कुळागरांत आजही होतात. माडीवर चढलेली मिरीची वेल ज्यांच्या दाराशी आहे, त्यांनी दुकानातला तयार मसाला कशाला आणावा?

मसाला जुना, दूध नवं

मसाला चहा हा अलीकडचा शोध वाटतो, पण तसं नाही. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेला होता. तिथे चहात गरम मसाला घालून तो उकळतात, खडीसाखरेबरोबर किंवा मुरवलेल्या लिंबाबरोबर पितात आणि डोकेदुखी, पोटदुखीवर तो औषध मानतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. धने, जिरे, बडीशेप उकळून आपल्याकडे केला जाणारा कसाय त्याच कुळातला.

घरोघरी दुधाचा चहा आला तो फार नंतर. 1903 च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या चहावर कर बसला आणि त्या पैशातून चहाची जाहिरात सुरू झाली. 1930 च्या दशकात परदेशी बाजार मंदावला, तेव्हा मळेवाल्यांनी भारतीय घरांकडे मोर्चा वळवला. गावोगाव चहा फुकट पाजला गेला. त्याच दशकात आसामात सीटीसी यंत्र आलं. त्याच्या बारीक दाणेदार पुडीचा अर्क झटकन आणि गडद उतरतो, थोड्या पुडीत भरपूर दुधाचा चहा होतो. आपल्या आज्यांच्या आधीच्या पिढीला सकाळी पेजच ठाऊक होती. पोदेराच्या भोंग्याबरोबर चहा-उंडे ही न्याहारी झाली ती नंतर.

कप कोणाचा?

चहाने आपल्याकडे मोठी वादळंही केली. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली. गोपाळराव जोशींनी ती नावं छापून आणली आणि लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यापर्यंत ग्रामण्य पोहोचलं, प्रायश्चित्ताची वेळ आली. मिशनऱ्यांच्या घरचा एक कप चहा, एवढाच गुन्हा!

हे वाचून आजची मुलं हसतात. पण महाराष्ट्रातल्या किती तरी गावांत चहाच्या दुकानाबाहेर दलितांसाठी वेगळा कप असे, ही गोष्ट फार जुनी नाही. आणि खरं सांगायचं तर ती पुरती संपलेलीही नाही. घरकामाला येणाऱ्या बाईचा कप आपल्या किती घरांत खिडकीत वेगळा ठेवलेला असतो? माझ्याही घरी होता. 'तिचाच आहे, तिला सवय आहे' असं मी स्वतःला सांगत असे. एक दिवस मुलाने विचारलं, "हा कप आपण का वापरत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून तो कप बाकीच्यांत मिसळला. "बस मरे, च्या घे" म्हणणारी आपली माणसं. मग कपही एकच हवा.

ओट्यापाशी कोण?

दुसरा प्रश्न चवथीचा. आरतीला घुमट घुमू लागलं की तासातासाने चहाची फेरी लागते. पेडण्याच्या पुनवेला, डिचोलीच्या नव्याच्या सोमवारी पाहुण्यांची रीघ असते, तेव्हाही तसंच. तो चहा कोण करतं? घरातल्या बायका. आरती त्यांच्या कानावर पडते ती स्वयंपाकघरातून, पातेल्याच्या वाफेतून. चाळीस कप चहा करणं अवघड नाही, वर दिलेलं प्रमाण दहापट करायचं. मसाला आणि चहापूड मात्र दहाऐवजी आठपटच घ्यावी, मोठ्या भांड्यात चहा गॅसवर जास्त वेळ राहतो. हे काम मुलगाही करू शकतो, मुलगीही, आणि त्यांचे बाबाही.

एक पथ्यही सांगते. जेवणाला लागून चहा घेऊ नये. डाळी, नाचणी, पालेभाजीतलं लोह शरीरात शोषलं जायला चहा आड येतो. वाढत्या वयाच्या मुलींनी तर जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावंच.

मुलगा गेल्या चवथीला घरी आला. दुपारच्या आरतीला मी पहिल्यांदाच बाहेर, माटोळीखाली बसले होते. आतून त्याने विचारलं, "आई, साखर किती?" मी सांगितलं, "तूच बघ." चहा आला. साखर थोडी जास्त झाली होती. पण फुटला नव्हता, आणि मला सगळ्या आरत्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकता आल्या.